सुपाऱ्यांखालचे स्वातंत्र्य

बोरसड्याच्या दादू गुरुजींच्या माजघरात, देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला, दोन सागवानी खुंट्यांवर एक ठासणीची बंदूक विराजमान असे. 'विराजमान' हा शब्द खुद्द गुरुजींचा. त्यांच्या सहधर्मचारिणी दमयंतीबाई तिला नुसते 'ती लांबडी' म्हणत आणि झाडू मारताना तिच्याखालून वाकून जावे लागते, याबद्दल दररोज एकदा कुरकुरत.

बंदूक गुरुजींच्या वडिलांच्या वेळची. परवान्यावर स्वच्छ अक्षरांत प्रयोजन लिहिले होते : शेतीसंरक्षण. म्हणजे पपया, शहाळी आणि आंब्याचा मोहोर यांचा विध्वंस करणाऱ्या वानरांना भिवविणे. परंतु चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकविलेल्या गुरुजींना हे प्रयोजन फार तोकडे वाटे. त्यांचा सिद्धान्त असा की, परकीयांनी या भूमीवर राज्य दृढ केले ते प्रजेच्या हातातले शस्त्र काढून घेऊन. तेव्हा स्वराज्यातही सत्तेला मर्यादेत ठेवायचे, तर प्रजेच्या घरी एक तरी खुंटी भरलेली असावयास हवी. ग्रामसभा असो, सत्यनारायण असो, कोणाचे बारसे असो, गुरुजी हा सिद्धान्त मांडल्यावाचून पानावर बसत नसत. दर दसऱ्याला ते बंदुकीला खोबरेल चोळीत, दस्त्यावर गंध-अक्षता वाहत, आणि जणू सारे राष्ट्र त्या दोन खुंट्यांवर तोलून धरले आहे अशा गांभीर्याने तिला पुन्हा वर ठेवीत. शेवटचा बार तिने केव्हा काढला होता, हे मात्र गावात कोणालाच आठवत नव्हते.

अशा या बंदुकीवर दर निवडणुकीत एक संकट येई. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी आपापली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावयाची आणि निकालानंतर परत न्यावयाची, अशी रीत. गुरुजी प्रत्येक वेळी कपाळाला आठ्या घालून बंदूक जमा करीत. पण यंदा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची नोटीस आली, तिच्या तळाशी त्यांना एक वाक्य दिसले : ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी अर्ज करावा, रत्नागिरीस समितीपुढे सुनावणी होईल.

"अगो, ऐकलंस का?" गुरुजी पडवीतून गरजले. "शासनाने प्रथमच माझे मत विचारले आहे!"

"अहो, मत पेटीत टाकायला सांगतायत सगळे," दमयंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुमचं हे कसलं निराळं?"

 गुरुजींनी फुलस्केप कागद घेतले आणि तीन दिवस बसून अकरा पानांचा अर्ज लिहिला. ज्या काळात प्रजा आपला राज्यकर्ता निवडते, नेमक्या त्याच काळात प्रजेला निःशस्त्र करणे म्हणजे स्वातंत्र्याच्या मुळाशी घाव घालणे होय, असा त्याचा इत्यर्थ होता. तो त्यांनी स्वतः जाऊन टपालपेटीत टाकला.

अर्जाचे फळ म्हणून सुनावणीच्या आदल्या सकाळी हवालदार गंगाराम मोटारसायकलवरून दारात उतरले. गंगाराम हे गुरुजींचे जुने विद्यार्थी. निवृत्तीला चार महिने उरलेले, पोट सुटलेले, स्वभाव लोण्यासारखा.

"गुरुजी, तपासणी करायची आहे," ते टोपी काढून म्हणाले. "अर्ज केलात ना, म्हणून. परवान्यावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक जुळवून अहवाल न्यायचा. पाच मिनिटांचं काम."

"अवश्य!" गुरुजी प्रसन्न झाले. त्यांनी बंदूक उतरवून चटईवर ठेवली, भिंग आणले. दमयंतीबाईंनी चिंचेचा कोळ आणि काथ्या आणून नळीवरला गंजका पट्टा घासून दिला. अंक वर आले.

गंगारामांनी परवाना पाहिला. नळी पाहिली. पुन्हा परवाना पाहिला. मग भिंग गुरुजींच्या हाती दिले.

परवान्यावर चव्वेचाळीसशे अठरा होते. नळीवर एकोणतीसशे तीन.

"हा अंक झिजला असेल," गुरुजी म्हणाले.

"चारही झिजले, गुरुजी?"

 दमयंतीबाईंनी काथ्या खाली ठेवला आणि हळूच विचारले, "अहो, मग ही कोणाची?"

आणि तेव्हा, सात वर्षांपूर्वीचा एक दिवस गुरुजींच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर ते बंदूक आणावयास ठाण्यात गेले, तेव्हा बंदुकांना बांधलेल्या नावांच्या कागदी चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या होत्या. याच गंगारामांनी बाकावर बंदुका मांडून म्हटले होते, "ज्याने त्याने आपापली ओळखा." गुरुजींनी उपस्थितांना उद्देशून दहा मिनिटे भाषण केले होते. सुज्ञ नागरिक आपले शस्त्र अंधारातही स्पर्शाने ओळखतो, असे त्यात एक वाक्य होते. मग डोळे मिटून त्यांनी एका बंदुकीवर हात ठेवला होता आणि "हीच!" असे उद्गारले होते. टाळ्याही पडल्या होत्या. बाकावर शेवटी एकच ठासणीची उरली. ती खाडीकाठचा बाळा मयेकर मुकाट्याने घेऊन गेला.

त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत ठाण्यातल्या नोंदवहीत क्रमांक उतरवला गेला तो परवान्यावरून. नळीकडे कोणी पाहिले नाही. कोणी अकरा पानांचा अर्जच केला नव्हता ना.

"गुरुजी," गंगाराम घाम पुशीत म्हणाले, "हा आकडा मी अहवालात लिहिला, तर कायद्याने तुमच्याकडे विनापरवाना शस्त्र आहे. बाळाकडेही. दोन्ही परवाने जातील, दोन्ही बंदुका सरकारजमा होतील. आणि वाटप मी केलं होतं, तेव्हा माझं काय होईल ते विचारू नका."

"आणि न लिहिलास तर?"

"खोटं मी लिहायचा नाही. तुम्हीच शिकवलंत." हवालदारांनी एक सुस्कारा सोडला. "उद्या सुनावणी होईस्तोवर रकाना रिकामा ठेवतो. अर्ज उभा राहिला तर मला तो भरावा लागेल. अर्ज मागे घेतलात, तर तपासणीच नाही. मग मी दोन्ही बंदुका जमा करून घेईन, या वेळी नळीवर बघून नोंद करीन, आणि निकालानंतर ज्याची त्याला देईन. तुम्हीच ठरवा."

गंगाराम गेले. वडिलांची बंदूक जाणार, की अकरा पाने? गुरुजींनी अंगरखा चढवला, छत्री घेतली आणि खाडीकडच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरू लागले.

बाळा मयेकर वाडीत सुपाऱ्या सोलत बसला होता. सहा वर्षे बोटीवर, मग तीस वर्षे या वाडीत. बोलणे मोजके, डोळे मात्र सदैव कशाला तरी हसत असलेले.

"या गुरुजी. बसा. चाय टाकायला सांगू?"

"बाळा," गुरुजी उभ्यानेच म्हणाले, "तुझी बंदूक कोठे आहे?"

"माझी?" बाळाने अडकित्ता खाली ठेवला. "माझी तुमच्या माजघरात. देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला. तुमची माझ्या माळ्यावर."

गुरुजी ओट्यावर बसले. "म्हणजे तुला ठाऊक होते?"

"पयल्या दिवसापास्नं. माझ्या बंदुकीच्या दस्त्याला एक खोक आहे. लहानपणी मीच कोयत्यान् पाडलेली. त्याच खोकेवर हात ठेवून तुमी 'हीच' म्हणालाव."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"कसा बोलणार? एवढं झक्क भाषण झालेलं. लोक टाळ्या पिटतायत. त्यात मी पुढं होऊन सांगू, की गुरुजी, ही माझी?" बाळा मान हलवीत हसला. "आणि मला बंदुकीचं काम तरी काय पडतंय? वानर आले तर आमची बायको पितळेचं ताट वाजवते. खाडीपार पळतात."

तो शिडी लावून माळ्यावर चढला. वाळत घातलेल्या सुपाऱ्यांचा ढीग हातांनी बाजूस सारून त्याने खालून एक बंदूक ओढून काढली. धुळीने आणि सालपटांच्या भुशाने ती माखली होती. गुरुजींनी धोतराच्या सोग्याने नळी पुसली. चव्वेचाळीसशे अठरा. वडिलांचा हात लागलेली, दस्ता किंचित डावीकडे कललेला. आता ओळखू आली.

"सात वर्षे!" ते पुटपुटले.

"होय तर," बाळा शिडीवरूनच म्हणाला. "तुमच्या राष्ट्राचं स्वातंत्र्य सात वर्षं माझ्या सुपाऱ्यांखाली होतं, गुरुजी. निवडणुकीला तेवढं ठाण्यात जाऊन यायचं. त्याला काय झालं नाय. बघा की, धडधाकट आहे."

गुरुजींना राग यावयास हवा होता. तो येण्याऐवजी त्यांना वादाची खुमखुमी आली; ती त्यांच्या प्रकृतीचीच होती.

"थट्टा पुरे. माझ्या एका प्रश्नाचे उत्तर दे. प्रजेचे शस्त्र जर इतके निरुपयोगी, तर शासन निवडणुकीत ते गोळा का करते? भीती असल्याखेरीज कोणी गोळा करील?"

"भीती आहेच की. पण ती सरकारची नाय, आपली. वाडीवाडीत भांडणं लागतात निवडणुकीला. आपण एकमेकांवर ठासू नये म्हणून घेतात काढून."

"आणि उद्या दुष्ट राज्यकर्ता आला तर?"

"आला तर तो काय पायी येणार? रणगाड्यातनं येईल. तुमी पुडी सोडा, दारू ओता, चिंधी घाला, गज मारा, मग छर्रे, मग परत गज. तवर तो रणगाडा आमच्याकडं चाय पिऊन पुढच्या गावास पोचेल."

"संख्या, बाळा, संख्या! एक बंदूक नव्हे, घरोघरी एक!"

"घरोघरी एक असती," बाळा सुपारी फोडीत म्हणाला, "तर गेल्या शिमग्याला पालखी कोणाच्या दारात आधी नाचवायची, यावरनं निम्मा गाव उडाला असता."

 गुरुजींनी चहा घेतला. निघताना मागे वळून ते एवढेच म्हणाले, "बंदूक तशीच ठेव. नेणे बेकायदेशीर आहे."

"सात वर्षं ठेवली, आणि आता बेकायदेशीर?" बाळाने मागून विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गुरुजी रत्नागिरीस गेले. सरकारी कचेरीत समितीच्या अध्यक्ष म्हणून एक चाळिशीच्या बाई बसल्या होत्या. शेजारी लेखनिक, आणि कोपऱ्यात रिकाम्या रकान्याचा अहवाल छातीशी धरून गंगाराम.

"बसा, गुरुजी," बाई आदराने म्हणाल्या. "आपला अर्ज वाचला. दोनदा. भाषा फार सुंदर आहे. पण एक शंका येते. परवाना शेतीसंरक्षणाचा आहे आणि अर्ज राष्ट्रसंरक्षणाचा. अकरा पानांत वानर एकदाही आलेला नाही."

"वानर हा अवांतर विषय आहे," गुरुजी म्हणाले.

"बरं. मग राष्ट्राचं रक्षण नेमकं कोणापासून करायचं?"

गुरुजी सत्यवचनी. त्यांनी घसा साफ केला. "प्रसंगी, शासनापासून."

लेखनिकाची लेखणी थांबली. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र कुतूहलच होते. "शासन म्हणजे या खोलीत तरी मीच. म्हणजे माझ्यापासून रक्षण करण्यासाठी लागणारं शस्त्र जवळ ठेवायची परवानगी आपण माझ्याकडेच मागत आहात."

"तसे म्हटले तर, होय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी अपील करीन."

"तेही शासनाकडेच ना?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ही अडचण बाराव्या पानावर यावयास हवी होती, असे त्यांना वाटून गेले. तरी ते नेटाने म्हणाले, "बाई, राज्यकर्ता बिघडला की सर्वांत आधी तो प्रजेची शस्त्रे जमा करतो. इतिहास साक्षी आहे."

"जमा तर आम्हीही करतो. पण परत देतो."

"परत देता, हीच तर खरी कसोटी!" आवेशाच्या भरात गुरुजींनी टेबलावर हात आपटला. "जे शासन शस्त्र घेते आणि बिनतक्रार परत देते, त्याच्या राज्यात प्रजा स्वतंत्र आहे, असे मी शपथेवर सांगेन!"

"आणि ज्याचं त्याला परत देतो," बाईंनी समाधानाने पुस्ती जोडली.

कोपऱ्यात गंगारामांना जोराचा ठसका लागला. लेखनिकाने त्यांना पाणी दिले.

 आपण आत्ताच आपल्या अकरा पानांचे उत्तर आपल्याच तोंडाने, तेही टेबल आपटून दिले, हे गुरुजींच्या ध्यानी आले. दुसरीकडे बाईंनी पुढचा कागद ओढला होता. "चला, आता तपासणीचा अहवाल पाहू. हवालदार, क्रमांक—"

"थांबा!" गुरुजी उठून उभे राहिले. "मी अर्ज मागे घेतो."

"इतक्यात? का?"

"कारण लिहून द्यावे लागेल काय?"

"एक ओळ तरी हवी. फाइल बंद करायला."

लेखनिकाने कागद पुढे केला. गुरुजींनी लेखणी हाती घेतली. असत्य लिहावयाचे नव्हते आणि सर्व सत्य लिहिता येत नव्हते. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग चाळीस वर्षे फळ्यावर कमावलेल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले :

'राष्ट्राचे स्वातंत्र्य अर्जदाराच्या शस्त्राविना दीर्घकाळ सुस्थितीत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आल्याने अर्ज मागे घेण्यात येत आहे.'

बाईंनी ती ओळ वाचली, एकदा गुरुजींकडे पाहिले, एकदा गंगारामांकडे. त्यांना काही उमगले असावे किंवा नसावेही. "प्रत्यक्ष पाहणी कुठे केलीत, गुरुजी?"

"खाडीकाठी," गुरुजी म्हणाले आणि नमस्कार करून बाहेर पडले.

गंगारामांनी त्याच दुपारी दोन्ही घरांतून दोन्ही बंदुका उचलल्या, भिंग लावून नोंद केली आणि या वेळी चिठ्ठ्या पत्र्याच्या बांधल्या. मतदानाच्या दिवशी आसपासच्या गावांतल्या साऱ्या बंदुका ठाण्यातल्या एका कुलुपबंद खोलीत पडून होत्या. गुरुजी आणि बाळा शाळेच्या व्हरांड्यात एकाच रांगेत उभे होते. रांग लांब होती आणि ऊन कडक. गावच्या सरपंचांनी पुढे घुसण्याचा यत्न केला, तेव्हा चिमा कोळणीने टोपली कमरेवर टेकवून त्यांना असे काही ऐकवले की ते निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तिच्या टोपलीत बांगडा मासळीखेरीज काहीही नव्हते. गुरुजींनी हे पाहिले. मात्र त्यावर भाषण केले नाही. बाळाने त्याची मनात नोंद केली.

निकाल लागला. पडलेले पडले, निवडून आलेले निवडून आले. ठाण्यात बाकावर पुन्हा बंदुका मांडल्या गेल्या.

"गुरुजी," गंगाराम मिशीत हसत म्हणाले, "आपली ओळखा."

गुरुजींनी डोळे मिटले नाहीत. खिशातून भिंग आणि परवाना काढला, एकेक अंक बोट ठेवून वाचला आणि धुळकट बंदूक उचलली. शेजारी बाळाची बंदूक सात वर्षांच्या खोबरेलाने आरशासारखी झळकत होती. सासरी निघालेल्या लेकीकडे पाहावे तसे गुरुजींनी तिच्याकडे पाहिले.

"वाईट वाटून घेऊ नका," बाळा म्हणाला. "दसऱ्याला घासायला येत जा."

घरी आल्यावर दमयंतीबाईंनी चिंचेचा कोळ काढला. नळी घासता घासता त्यांनी तिच्या तोंडाशी डोळा लावला. "अहो, हिच्यात काहीतरी आहे."

गुरुजींनी गज घातला. तो चार बोटे गेला आणि अडला. कुंभारमाशीने नळीत घरटे केले होते. एकावर एक, वर्षानुवर्षे, मातीची भिंत दगडासारखी घट्ट झालेली. त्यातून कोणताही छर्रा बाहेर पडला नसता. पडला असता तो बंदूकधाऱ्याच्याच दिशेने.

"म्हणजे राष्ट्ररक्षण माशी करत होती," दमयंतीबाई म्हणाल्या.

इतक्यात परसात झाडे सळसळली. पाच-सहा वानर पपईवर उतरले होते. गुरुजी सवयीने बंदूक घेऊन धावले, ती खांद्याला लावली आणि "हट्!" म्हणून गर्जले. वानर टणाटण उड्या मारीत कुंपणापार झाले.

"पाहिलंस?" गुरुजींचा चेहरा उजळला. "नळीतल्या मातीची त्यांना वार्ता नाही! शस्त्राचे सामर्थ्य स्फोटात नसून धाकात असते. हा माझ्या बाराव्या पानाचा मुद्दा!" आणि वेळ न दवडता ते पडवीत बसले, नवा फुलस्केप घेतला, बंदूक शेजारी उभी केली आणि लिहू लागले : 'धाक हाच स्वातंत्र्याचा...'

पुढचा शब्द शोधण्यासाठी त्यांनी मान वर केली. दगडी गडग्यावर एक म्हातारा हुप्प्या वानर बसला होता. मांडीवर अर्धी पपई. तो गुरुजींकडे पाहत होता, मग बंदुकीकडे, मग पुन्हा गुरुजींकडे. आणि बिया थुंकत, काहीही घाई न करता खात होता.

गुरुजींनी बंदूक उचलली. हुप्प्याने दुसरा घास घेतला.

गुरुजींनी ती रोखली. हुप्प्याने पाय पसरले.

 मग गुरुजींनी बंदूक भिंतीला टेकवली, लेखणीला टोपण लावले, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने, शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाले :

"अगो, ऐकलंस का? ते पितळेचं ताट घेऊन जरा बाहेर ये."